मदत हवी आहे: अल्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधानंतर फुफ्फुसात रक्तस्राव, ॲस्पिरिन कधी सुरू करावं?

रुग्ण ६८ वर्षांचे, वजन ७० किलो. पक्षाघातासाठी अल्टेप्लेज एकूण ६३ मिग्रॅ दिलं: ६.३ मिग्रॅ बोलस (एकदम शिरेतून), उरलेलं तासाभरात. नऊ तासांनी थुंकीतून रक्त, ऑक्सिजन ८४ टक्के, एक्स-रेत दोन्ही बाजूंना पांढरे डाग, हिमोग्लोबिन १३.१ वरून १०.२.

आधी ठसक्याने अन्न फुफ्फुसात गेलं असावं असं वाटलं. पण ब्राँकोस्कोपीत (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) प्रत्येक धुण्यात द्रव आधीपेक्षा जास्त लाल येत गेला, म्हणजे वायुकोशांतलाच रक्तस्राव. इकोत हृदय चांगलं, प्लेटलेट व आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) नॉर्मल, एएनसीए (रक्तवाहिन्यांच्या दाहाची रक्तचाचणी) निगेटिव्ह. रक्त पातळ करणारी गोळी आधी चालू नव्हती.

फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) १३० मिग्रॅ प्रति डेसिलिटर होतं. ते भरून काढणारा रक्तघटक, क्रायोप्रेसिपिटेटच्या १० पिशव्या, आणि गुठळी विरघळणं रोखणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड १ ग्रॅम दिलं. व्हेंटिलेटरवर पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब) १०. आता फायब्रिनोजेन २१०, हिमोग्लोबिन ३६ तास स्थिर, नळीतून ताजं रक्त नाही. स्टेरॉइड मुद्दाम दिलं नाही, कारण रक्तवाहिन्यांच्या दाहाचा पुरावा नाही. पायांत गुठळी होऊ नये म्हणून न्यूमॅटिक कम्प्रेशन (हवेने दाब देणारे पट्टे) चालू आहे.

२४ तासांच्या सीटीत मेंदूत रक्तस्राव नाही, म्हणजे एरवी ॲस्पिरिन सुरूच केलं असतं. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) अजून दिसलेलं नाही. असे रुग्ण ज्यांनी हाताळलेत त्यांनी कृपया सांगा: ताजं रक्त थांबल्यावर किती दिवस थांबलात, आणि ॲस्पिरिनआधी ब्राँकोस्कोपी पुन्हा केलीत का?