सेंट किल्डा १९३० साली रिकामे केले, हे योग्य झाले का?

धागालेखक, सातारा
स्कॉटलंडच्या पश्चिमेस, अटलांटिक महासागरात सेंट किल्डा हा चिमुकला द्वीपसमूह आहे. हिर्टा या मुख्य बेटावरील लोक समुद्रकड्यांवरचे फुलमार, गॅनेट आणि पफिन हे पक्षी पकडून शतकानुशतके गुजराण करीत. २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेल्या ३६ जणांना तेथून कायमचे हलवण्यात आले. मला हे चुकीचे वाटते. एकोणिसाव्या शतकात तेथील कितीतरी अर्भके धनुर्वाताने दगावत. १८९०च्या दशकात बाळंतपणात जंतुनाशके वापरण्याची पद्धत आली आणि ते मृत्यू थांबले, म्हणजे गाव न उठवताही उपाय करता येत होता. कोयनेच्या पाण्याखाली गेलेली गावे आठवणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको.

प्रतिसाद, सांगली
कोयनेशी तुलना मला मान्य नाही. तेथे धरण आले म्हणून माणसे उठली. येथे बेटवासीयांनीच मे १९३०मध्ये सह्या करून सरकारकडे स्थलांतर मागितले. बेटावर परिचारिकाही होती. उणीव होती ती माणसांची: पहिल्या महायुद्धानंतर तरुण बाहेर पडत गेले आणि कड्यावर दोर धरायला, होडी वल्हवायला पुरेसे धडधाकट हात उरले नाहीत. अशा लोकांना आणखी एक हिवाळा काढा, असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

धागालेखक
सह्या खऱ्या आहेत. परंतु नियमित बोटसेवा आणि टपाल मिळाले असते, तर तरुण इतक्या संख्येने गेले असते का?

प्रतिसाद, पाटण
आमच्याकडे चांदोली-कोयनेच्या जंगलातून गावे हलवताना, माणूस गेला की निसर्ग पूर्ववत होतो, असे गृहीत धरले जाते. सेंट किल्डाचा अनुभव पाहा. माणसे गेल्यावर थोड्याच काळात, त्यांच्या घरांवर अवलंबून असलेला तेथील घरउंदीर नामशेष झाला. रानउंदीर मात्र टिकला. १९३२मध्ये शेजारच्या सोए बेटावरच्या १०७ रानटी मेंढ्या हिर्टावर सोडल्या आणि आज तेथील गवत त्याच राखतात. पक्षी व धान्य वाळवण्यासाठी रचलेल्या हजाराहून अधिक दगडी कोठ्या अजून उभ्या आहेत. तरीही १९८६च्या जागतिक वारसा नोंदीत केवळ निसर्ग होता. माणसांच्या संस्कृतीची दखल २००५मध्ये घेतली गेली.

प्रतिसाद, सांगली
घरउंदराचा मुद्दा मी मान्य करतो. तरीही उंदीर आणि कोठ्या टिकाव्यात म्हणून ३६ माणसांना तेथे ठेवणे मला पटत नाही; त्यांच्या अर्जाला माझ्या लेखी सर्वाधिक वजन आहे.