फुल मॅरेथॉन (४२ किमी) सहा आठवड्यांवर आणि सगळ्यात लांब धाव १६ किमी. मुंबईला जाऊ की नको?

शिरोली_नाईट_शिफ्ट
मंडळी, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची फुल आहे. नाव घातलं तेव्हा अंगात लई वारं होतं. मग जुलैत पंचगंगा पात्राबाहेर आली, पुढं फौंड्रीत तिसरी पाळी लागली आणि गणपतीच्या मिरवणुकीत उजवा घोटा मुरगळला. आता कुठं परत सुरू केलंय. परवा इथं कोल्हापुरात विद्यापीठाच्या आवारात १६ किमी झाले, दोन तास पाच मिनिटं, त्यातले शेवटचे दोन चालतच. वय २९, वजन ७८. गेल्या वर्षी हाफ (२१ किमी) २ तास २६ मिनिटांत केली होती. बायको म्हणते, पैसे गेले तर गेले, पाय घालवू नका. दोस्त म्हणतात, भावा तू पळ, आम्ही आहे मागं. ते पळणार नाहीत, नुसते मागं असणार. खरं सांगा, जाऊ का?

कट्ट्यावरचा
हे काय विचारणं झालं? गंगावेशीत उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पी आणि सूट. १९५२ ला हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य आणलं, त्याच ऑलिंपिकात एमिल झाटोपेकनं आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन पळून थेट सोनं मारलं. पहिलीच! नाद खुळा!

गूळवाला_अण्णा
कट्टेकर, झाटोपेकची गोष्ट अर्धीच सांगितली तुम्ही. त्याच आठवड्यात ५००० आणि १०,००० मीटरचं सोनं त्यानं आधीच घेतलं होतं. मॅरेथॉन पहिली होती, पळणं पहिलं नव्हतं. आणि धारोष्ण दूध पिऊन पळायचं असेल तर वाटेतली शौचालयं आधी पाठ करून ठेवा.

शिरोली, तुझ्यासारखंच माझं झालं होतं म्हणून सविस्तर लिहितोय. मी मार्केट यार्डात गुळाचा व्यापारी. दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचा सौदा निघाला की पुढं मान वर करायला सवड नसते, आणि ही मॅरेथॉन नेमकी भर हंगामात येते. दिवाळीपर्यंत बरा पळालो, नंतर दोन-अडीच महिने गुळाचे रवेच (ढेपा) मोजले. वय ४४, लांबात लांब धाव १९ किमी. तरी गेलो.

पहिले वीस किलोमीटर गेलेले कळलेच नाहीत आणि तिथंच घोटाळा झाला. पहाटेचा गारवा, सीएसएमटीसमोर ही गर्दी, मरीन ड्राइव्हचा सपाट रस्ता. घड्याळात बघतोय तर किलोमीटरला साडेसहा मिनिटं. माझी चाल साडेसातची. म्हटलं, आज देवीची कृपा आहे, जाऊ दे. सी लिंकवर उजाडलं. साडेपाच किलोमीटरचा पूल, बघायला माणूस नाही, नुसता बुटांचा सपसप आवाज. लई भारी वाटलं. माहीम मागं पडलं आणि अठ्ठाविसाव्या किलोमीटरला दोन्ही मांड्यांचा दगड झाला. अंगात साठलेली साखर, ते ग्लायकोजन म्हणतात ते, साधारण ३०-३२ किलोमीटरपर्यंत पुरतं. मी उधळलो होतो, माझं आधीच संपलं.

खिशात घरचा गूळ होता, खडे करून प्लास्टिकच्या पिशवीत. काढायला गेलो तर पिशवी फाटलेली आणि घामानं सगळ्याची काकवी झालेली. चड्डीचा खिसा उलटा करून बोटं चाटत चाललेला इसम त्या दिवशी शिवाजी पार्कजवळ कुणी पाहिला असेल, तर तो मीच. एका आजींनी मीठ लावलेली संत्र्याची फोड हातावर ठेवली. तिची चव अजून जिभेवर आहे, मेडल मात्र कुठल्या कपाटात आहे ते घरच्यांना विचारावं लागेल.

पेडर रोडच्या चढाची लोक उगाच भीती घालतात. आपल्या वाघबीळच्या घाटापुढं तो काहीच नाही. पण मला तो जाताना एकदा भेटला आणि येताना पस्तिसाच्या पुढं परत भेटला. दुसऱ्या वेळी मी दुभाजकाला धरून उभा होतो. ६ तास ४ मिनिटांत पोचलो. त्यातले शेवटचे चौदा किलोमीटर चालत, तेही लंगडत.

पुढच्या वर्षी हंगाम तोच, तयारी तेवढीच. एकच बदल केला: पहिल्या किलोमीटरपासून चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. दम असताना चालायचं, हे महत्त्वाचं. जेफ गॅलोवे हेच शिकवत आला, आणि तो १९७२ च्या ऑलिंपिकात १०,००० मीटर पळालेला माणूस. मरीन ड्राइव्हला मी चालायला लागलो की मागून पोरं ओरडायची, "काका, आत्ताच?" त्यातली निम्मी मला प्रभादेवीला फुटपाथवर पाय ताणत बसलेली दिसली. ५ तास २१ मिनिटं.

तेव्हा जा, पण आत्तापासून असंच पळ. येत्या रविवारी १९, मग २२, मग २५. त्याच्यावर जाऊ नकोस, आता मिळण्यापेक्षा मोडायचंच जास्त. पुढं १५, मग ८, मग थेट मुंबई. रात्रपाळी करून आल्या आल्या लांब पळायला निघायचं नाही, आधी झोप. आणि घोटा नीट नसेल तर यातलं काहीच लागू नाही.

आणखी एक. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आदल्या दिवसापर्यंत स्वतः जाऊन घ्यावा लागतो, शर्यतीच्या सकाळी मिळत नाही. शुक्रवार रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धर. शनिवारच्या गाडीनं गेलास तर तू सीएसएमटीला उतरेपर्यंत लोक अर्धे पळून झालेले असतील. बिब घेतला की खोलीवर जाऊन पड. मी तिथं चार तास नवीन बूट बघत हिंडलो होतो, पहिल्या वर्षी पाय गळाले त्याचं तेही एक कारण.

फिजिओ_राजारामपुरी
अण्णांशी सहमत, पण आधी घोट्याचं बघा. उजव्या एकट्या पायावर उभं राहून टाच वीस वेळा वर-खाली करा, मग त्याच पायावर दहा उड्या. कळ आली किंवा डाव्यापेक्षा तोल जास्त जातोय असं वाटलं, तर १९ किमी विसरा आणि कुणाला तरी दाखवा. धावताना वेदनाशामक गोळी घेऊ नका. पाणी कमी पडलेल्या शरीरात ती किडनीवर ताण आणते. आणि वाटेतल्या प्रत्येक पाण्याच्या टेबलावर थांबून पोटभर नुसतं पाणीही नको, रक्तातलं सोडियम उतरतं. तहानेपुरतं प्या, अधूनमधून मीठ-साखर घातलेलं. काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन लावा. अंघोळीच्या वेळी माझी आठवण काढाल.

शिरोली_नाईट_शिफ्ट
ताई, टाचेचे वीस झाले, उड्याही झाल्या. डाव्यापेक्षा जरा कच्चा आहे, पण कळ नाही. काल रंकाळ्यावर चार मिनिटं पळत, एक मिनिट चालत १९ किमी पुरे केले, २ तास ३४ मिनिटं. चालायला लागलो की ओळखीचे लोक गाडी थांबवून विचारायचे, सोडू का घरी? लाज वाटली, पण शेवटचा किलोमीटर पळतच आलो. अण्णा, महालक्ष्मीचं बघितलं, वेटिंग आहे. बायको म्हणाली, काढताय तर दोन काढा.

गूळवाला_अण्णा
दोन काढ, वेटिंग सरकतं. तिला परतीच्या वेळी पेडर रोडच्या चढाला उभी कर. आणि गूळ तिच्याकडं दे, स्टीलच्या डब्यात.