कथा टिपा, पण पुरावा होईल अशा
गडचिरोलीतल्या सुरजागडच्या पहाडावर लोहखाण आली, आता निदान तिथल्या माडिया आदिवासींच्या ठाकूरदेवाच्या कथा तरी टिपून ठेवा, असं म्हटलं जातं, ते पटतं. पण नुसत्या संग्रहासाठी कशाला? जंगलावरच्या हक्काचा दावा करताना कोणते पुरावे चालतात, ते सांगणारा वनहक्क कायद्याच्या नियमांमधला नियम 13 पाहा: दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी कथन, तसंच देवस्थान, दफनभूमी अशा जागेवरच्या खुणा पुरावा म्हणून चालतात. मात्र एकाहून जास्त पुरावे लागतात, म्हणून कथा आणि खूण जोडीनंच द्यावी.

कथेतला प्रत्येक नाला, पहाडी, देवाची जागा माडिया नावानंच लिहायची आणि म्हाताऱ्यांसोबत जागेवर जाऊन शेजारी वनकक्ष क्रमांक (वनखात्यानं जंगलाच्या त्या तुकड्याला दिलेला नंबर) टाकायचा. घोळ इथंच होतो. मराठी कागदावर ‘डोंगरावरचा देव’ एवढंच उरतं, आणि दाव्याच्या पडताळणीला आलेल्यांना डोंगर कोणता तेच कळत नाही.