हॉस्टेलची मुलं आणि आम्ही लोकल, मैत्री जमत का नाही?

दांडियाबाजारवाली: मी बडोद्याच्या एम.एस. युनिव्हर्सिटीत बीएस्सी सेकंड इयरला आहे. आमच्या बॅचमध्ये बिहारची दोन मुलं आहेत, मणिपूरची एक मुलगी आहे. शिकवणं सगळं इंग्लिशमध्ये, पण वर्गाबाहेर पडलो की आमची गुजराती नाहीतर मराठी सुरू. परवा आम्ही मराठीत हसत होतो तर तिने हळूच विचारलं, माझ्याबद्दल बोलत होतात का? तसं काहीच नव्हतं, पण रात्रभर तेच डोक्यात होतं. काय करू?

जुनी हॉस्टेलर: मी जळगावहून आले होते, मला मराठी येत होती तरी पहिलं वर्ष एकटीच होते, म्हणजे नुसता भाषेचा प्रश्न नाही गं. चार वाजले की तुम्ही ॲक्टिव्हा काढून घरी, आणि आमची संध्याकाळ संपता संपत नाही. त्यात रविवारी रात्री मेस बंद. "कधीतरी ये घरी" सगळे म्हणायचे. एका मैत्रिणीने मात्र "गणपतीत दुसऱ्या दिवशी सातच्या आरतीला ये, मी घ्यायला येते" असं सांगितलं आणि खरंच आली. आज १४ वर्षं झाली, अजून रोज बोलतो आम्ही.

रावपुऱ्याचा: नवरात्रीत गरब्याला घेऊन जा, पण आधी बे ताळी, त्रण ताळी (दोन आणि तीन टाळ्यांचा गरबा) गच्चीवर शिकवून ठेव. आपल्याकडे गाणारे मधे आणि भोवती मोठमोठे गोल फिरत असतात, नवीन माणूस त्यात घाबरतो आणि मग कडेला उभा राहून मोबाईल बघत बसतो. आणि हॉस्टेलची रात्रीची परमिशन आधीच काढायला सांग, नाहीतर ऐनवेळी बिचारीला निघावं लागेल.

कमाटीबागेजवळ: हॉस्टेल सोडून रूम बघायची वेळ आली तर तिच्यासोबत जा प्लीज. माझ्या रूममेटला एका घरमालकाने आडनाव ऐकूनच परत पाठवलं होतं. सयाजीरावांच्या स्कॉलरशिपवर कोलंबियाला शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ मध्ये याच शहरात राहायला जागा मिळाली नव्हती, कमाटीबागेत झाडाखाली बसून रडले होते ते. ती जागा, म्हणजे आजची संकल्पभूमी, कॅम्पसपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे, आणि अजून रूम दाखवायच्या आधी आडनाव विचारतात याचा मला फार त्रास होतो.

दांडियाबाजारवाली: वाचून रडू आलं. तिला आत्ताच मेसेज केलाय, रविवारी साडेसहाला घ्यायला येते म्हणून. आई विचारतेय, तिला तिखट चालतं का?