पावसाळी कोळसा: बॉटम अ‍ॅशमधला (भट्टीच्या तळाच्या राखेतला) अनबर्न्ट (न जळलेला कार्बन) ७ टक्क्यांवर, हवा वाढवावी का?

शिफ्ट_ब
वीजकेंद्राचा २१० मेगावॅटचा बॉयलर, टँजेन्शियल फायरिंग (कोपऱ्यांतून जाळणं), पाच बाउल मिल (कोळसा दळणाऱ्या चक्क्या), प्रत्येकी ३० टन/तास. पाऊस लागल्यापासून कोळशाचा ओलावा १० वरून १६ टक्क्यांवर गेलाय. राख ४० टक्के, जीसीव्ही (उष्मांक) किलोमागे ३४०० किलोकॅलरी. हॉट एअर डँपर पूर्ण उघडा, कोल्ड एअर बंद, तरी मिल आउटलेटचं (मिलमधून निघणाऱ्या हवा-कोळशाचं) तापमान ५८ अंशांच्या वर सरकत नाही. बॉटम अ‍ॅशमधला अनबर्न्ट ३ वरून ७ झाला, फ्लाय अ‍ॅशमधला (धुरासोबत उडणाऱ्या राखेतला) मात्र १ टक्क्यावरच. इकॉनॉमायझरला (धुराच्या वाटेवर) ऑक्सिजन ३.५ टक्के. सेकंडरी एअर (थेट भट्टीत जाणारी ज्वलनाची हवा) वाढवू का?

चाळणी२००
नका वाढवू. हवा कमी पडली असती तर फ्लाय अ‍ॅशमध्येही कार्बन चढला असता, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) दिसला असता. फक्त तळाची राख बिघडली म्हणजे जाडा कण जळायच्या आत हॉपरमध्ये उतरतोय. जास्तीची हवा भट्टी गार करेल आणि चिमणीतून उष्णता नेईल.

प्रत्येक मिलच्या चारही कोल पाइपांतून नमुना घ्या. २०० मेशमधून (बारीक चाळणीतून) ७० टक्के जातोच, पण ५० मेशवर (जाड्या चाळणीवर) किती उरतो ते आधी बघा. २ टक्क्यांच्या वर असेल तर चोर तिथेच आहे. बहुतेकदा एखाददुसरी मिलच बिघडलेली असते. तिचा रोलर-बाउल गॅप, स्प्रिंगचा ताण आणि रोलची झीज तपासा, मगच क्लासिफायरला (जाडा कण परत दळायला पाठवणाऱ्या भागाला) हात लावा. ओल्या कोळशावर त्याच्या वेन (पात्या) आवळल्या की माल आतच फिरत राहतो, डीपी (मिलमधला दाबफरक) चढतो आणि मिल चोक होते.

नुकसान किरकोळ नाही: कोळशाच्या किलोमागे सुमारे २९ किलोकॅलरी, म्हणजे दिवसाला ३० टन कोळसा.

गरमहवा
दळण सुधारलं तरी वाळवण राहतंच. ओलाव्यात ६ टक्के वाढ म्हणजे मिलमागे तासाला १.८ टन जादा पाणी. ते सगळं मिलमध्येच उडवायचं तर ११ लाख किलोकॅलरी लागतात. ५० टन प्रायमरी एअर (मिलमध्ये कोळसा वाळवून वाहून नेणारी हवा) ९० अंशांनी गार झाल्यासारखं. डँपर उघडून हे भरून निघणार नाही. सहावी मिल घ्या, प्रत्येकीवर २५ टन ठेवा. यार्डातला झाकलेला जुना साठा मिसळता आला तर उत्तम.

शिफ्ट_ब
सहावी मिल उपलब्ध आहे. पण तोवर पीए (प्रायमरी एअर) फ्लो वाढवून आउटलेट चढवलं तर?

चाळणी२००
तापमान थोडं चढेल, पण वेग वाढला की जाडा कण क्लासिफायर चुकवून निघतो. अनबर्न्ट आणखी वाढेल. खालीही फार आणू नका, पाइपात १८-२० मीटर/सेकंदाखाली कोळसा बसायला लागतो.

ज्वालारक्षक
एक महत्त्वाचं. ओला कोळसा बंकरमध्ये (मिलवरच्या कोळशाच्या कोठीत) अडकतो आणि मग ढीगच्या ढीग एकदम सुटतो. फीडरवर (मिलला कोळसा पुरवणाऱ्या यंत्रावर) नो-कोलचा (कोळसा येत नसल्याचा) इशारा आला, फ्लेम स्कॅनर लुकलुकला, तर ज्वाला नीट जळत असतानाच त्या एलेव्हेशनला (बर्नरच्या थराला) ऑइल गन (तेलाचा बर्नर) लावा. ज्वाला गेल्यावर गन लावून भट्टी पेटवायला जाऊ नका, तिथे स्फोट होतो. ट्रिप होऊ द्या, ३० टक्के हवेवर किमान पाच मिनिटं पर्ज करा (भट्टीतले वायू हवेने बाहेर काढा), मगच लाइट-अप. बंद पडलेल्या मिलमध्ये कोळसा उरला असेल तर इनर्टिंग स्टीम (आग लागू नये म्हणून वाफ) देऊन ती रिकामी करा.