ड्रायव्हर कंत्राटी, तरी मालक सुटत नाही

‘ड्रायव्हर पगारी नाही, फेरीमागे पैसे घेतो, म्हणून भरपाई त्यानेच द्यायची’ असं अपघातानंतर जखमींना सांगितलं जातं. ते चूक आहे, आणि अशा सल्ल्याने जखमींचं फार नुकसान होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो. कर्जावरची असेल तर ज्याच्या ताब्यात आहे तो. २०१८ च्या नवीन कुमार खटल्यात गाडी एकामागून एक विकली गेली होती, तरी आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नाव पहिल्याचंच, म्हणून जबाबदारीही त्याच्यावरच आली.

नवी मुंबईतल्या कळंबोली, न्हावाशेवा बंदराकडच्या अटॅच ट्रेलरवर (म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या, पण ट्रान्सपोर्टरच्या कामाला लावलेल्या) मात्र एक पेच असतो: दारावर रंगवलेलं नाव ट्रान्सपोर्टरचं, आरसीवर भलत्याचंच. म्हणून आधी नंबरावरून आरसी आणि विम्याचा तपशील काढा. दाव्यात ड्रायव्हर, आरसीवरचा मालक, विमा कंपनी आणि ट्रान्सपोर्टर चौघांनाही घाला. २०११ च्या कुलसुम निकालात भाड्याच्या बसचा चालक बसमालकाचा होता, तरी प्रत्यक्ष ताबा ती भाड्याने घेणाऱ्या एसटी महामंडळाचा (उत्तर प्रदेशच्या) म्हणून महामंडळच मालक धरलं गेलं. तोच मुद्दा ट्रान्सपोर्टरला लावायचा तर बिल्टी (माल पाठवल्याची पावती), ट्रिप शीट (फेरीची नोंद), भाडेकरार लागतात. ते लगेच मागवा. १ एप्रिल २०२२ पासून दाव्याची मुदत अपघातापासून ६ महिने आहे.