पाटी, श्लेष आणि संदिग्धता: जगभरच्या सूचनाफलकांवरचे काही शब्द

गमतीशीर पाट्यांचे जगभरचे फोटो फिरत असतात आणि त्यांच्याखाली बहुतेक वेळा एकच शेरा येतो: 'काय भाषांतर केलंय!' मला तो शेरा खटकतो. त्यातल्या कितीतरी पाट्यांचं कुणी भाषांतर केलेलंच नसतं. ज्या भाषेत लिहिल्या त्याच भाषेत त्या अडखळतात. आणि ज्या खरोखर भाषांतरित आहेत, त्यांच्यातल्या चुकाही एका जातीच्या नसतात. शब्द एकच राहून त्याचे दोन अर्थ निघाले तर अभंग श्लेष, शब्द वेगळ्या जागी तोडल्यावर दुसरा अर्थ निघाला तर सभंग श्लेष, अशी चोख नावं आपल्याकडे तयार आहेत. ती शाळेतल्या अलंकारांच्या धड्यापुरतीच का ठेवायची?

श्लेष कवी मुद्दाम साधतो आणि पाटीवर तो नकळत घडतो, हा आक्षेप रास्त आहे. काटेकोरपणे बोलायचं तर पाटीवर असते ती संदिग्धता. पण सांधा नेमका कुठे निखळला हे दाखवायला श्लेषाचे हे दोन प्रकार फार उपयोगी पडतात, म्हणून मी ते इथे वापरतो आहे.

आधी अभंग. ब्रिटनमध्ये रस्त्याचं काम चालू असलं की 'हेवी प्लांट क्रॉसिंग' अशी पाटी दिसते. आपल्याला 'प्लांट' म्हणजे झाड ठाऊक, नाहीतर कारखाना. त्यामुळे एखादा वटवृक्ष रस्ता ओलांडणार आहे की काय असं वाटतं. तिथल्या बांधकामाच्या बोलीत प्लांट म्हणजे खोदकामाची, रोलरची, माल उचलायची अवजड यंत्रं. रोपापासून यंत्रापर्यंतचा हा प्रवास परका वाटायचं कारण नाही. मूळ लॅटिन शब्द रोपट्याचा, त्यावरून रोवणं, मग एखादी गोष्ट एका जागी उभारणं, आणि शेवटी उभारलेली यंत्रसामग्री. मराठीतलं 'लावणे' हे क्रियापद याच वाटेने गेलं आहे: रोप लावतो, भट्टी लावतो, यंत्र लावतो. फरक एवढाच की आपलं क्रियापद पसरलं आणि इंग्रजीत नामही पसरलं.

न्यूयॉर्कची 'नो स्टँडिंग' ही पाटी याच वर्गातली, पण तिच्यावर जरा थांबायला हवं, कारण इथे मराठी इंग्रजीपेक्षा सरस ठरते. फुटपाथवर उभ्या असलेल्या परक्या माणसाला वाटतं, इथे उभं राहायलाही बंदी! पाटी अर्थातच गाड्यांसाठी आहे. त्या शहरात तीन वेगळ्या पाट्या असतात. 'नो पार्किंग' असेल तिथे माल किंवा माणसं चढवण्या-उतरवण्यापुरतं थांबता येतं. 'नो स्टँडिंग' असेल तिथे फक्त माणसांना चटकन घेता किंवा सोडता येतं, मालाची चढउतार चालत नाही. 'नो स्टॉपिंग' असेल तिथे यातलं काहीच चालत नाही. इंग्रजी बोलणारेही यातल्या पहिल्या दोन पाट्यांत गोंधळतात. आता आपली क्रियापदं पाहा: गाडी लावणे, गाडी उभी करणे, गाडी थांबवणे. लावली म्हणजे कुलूप घालून निघून गेलो. उभी केली म्हणजे आपण गाडीपाशीच आहोत. थांबवली म्हणजे क्षणभर चाकं थांबली. 'येथे गाडी लावू नये', 'उभी करू नये', 'थांबवू नये' या तीन वाक्यांना मालाचा आणि माणसांचा बारीक नियम सांगता येणार नाही, पण चढती कडक बंदी ती एका क्रियापदात सांगतात. शिवाय 'गाडी' हा शब्द वाक्यात असतोच, त्यामुळे पादचाऱ्याने बिचकायचं कारण उरत नाही.

आता लंडनच्या भुयारी रेल्वेतली सरकत्या जिन्यांवरची सूचना: 'डॉग्ज मस्ट बी कॅरीड'. भाषाशास्त्राच्या वर्गांत ही वर्षानुवर्षं उदाहरण म्हणून चघळली जाते. शब्दशः वाचली तर अर्थ होतो, या जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने कुत्रा उचललेला असला पाहिजे; ज्याच्याकडे कुत्रा नाही त्याने जिना वापरू नये. आणि हीच वाक्यरचना घेऊन 'शूज मस्ट बी वॉर्न' म्हटलं की आपण मुकाट्याने तसाच अर्थ लावतो: बूट नसतील तर येऊ नका. वाक्याचा साचा तोच, अर्थ मात्र उलटे. पहिल्यात 'असेल तर' गृहीत आहे, दुसऱ्यात 'असलेच पाहिजेत'.

ही संदिग्धता एका शब्दात नाही, म्हणून तिला श्लेष म्हणता येत नाही. विध्यर्थात एक अट दडली आहे आणि ती अट वाचणाऱ्याने स्वतः भरायची आहे. मराठीत ही गाठ सुटते दोन छोट्या गोष्टींमुळे. एक 'असल्यास', दुसरा 'च'. 'कुत्रा असल्यास उचलूनच न्यावा' म्हटलं की शंकेला जागा राहत नाही. 'असल्यास' हा शब्द सरकारी वाटतो, पण किती काम करतो! आणि 'च' नेमका कुठे लागतो यावर सगळं अवलंबून आहे: 'कुत्रा उचलूनच न्यावा' ही कुत्रा कसा न्यायचा त्याची सूचना, 'कुत्राच उचलून न्यावा' म्हटलं तर मांजराची बंदी. पाटी रंगवणाऱ्याने एक अक्षर सरकवलं तर नियम बदलतो. शिवाय इंग्रजी 'कॅरी'मध्ये उचलणं आणि नेणं एकत्र गोठलेलं आहे. आपण ते 'उचलून नेणे' असं उलगडतो आणि भर कशावर हे आपोआप कळतं.

तरीही लंडनचा प्रवासी चुकत नाही, तो का? याचं उत्तर शास्त्रकारांच्या त्या जुन्या उदाहरणात आहे: 'सैंधव आण'. जेवताना म्हटलं तर मीठ आणायचं, निघायच्या वेळी म्हटलं तर सिंधूकाठचा घोडा. शब्द एकच, पण प्रकरण, म्हणजे प्रसंग, अर्थ ठरवतो. पाटीचं सगळं जगणं प्रकरणावर चालतं. ती जिथे उभी असते ती जागाच तिचं अर्धं वाक्य असते. म्हणूनच फोटो काढून तिला जागेवरून उपटलं की ती विनोदी होते. अमेरिकेतली 'स्लो चिल्ड्रन' ही पाटी घराजवळच्या रस्त्यावर 'सावकाश, मुलं आहेत' एवढंच सांगते. फोटोत मात्र एका स्वल्पविरामाच्या अभावी ती मुलांनाच मंद ठरवते. मराठीत हे होणार नाही, 'सावकाश' आणि 'मंद' हे वेगळे शब्द आहेत.

सभंगाचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण चीनमधलं आहे. ओल्या फरशीवर चार चिन्हांची पाटी असते, उच्चार साधारण 'श्याओशिन दी ह्वा'. 'श्याओशिन' म्हणजे सावध. त्यातला 'श्याओ' म्हणजे लहान आणि 'शिन' म्हणजे हृदय किंवा मन. 'दी' म्हणजे जमीन, 'ह्वा' म्हणजे निसरडं, तसंच घसरणंही. सरळ अर्थ: जपून, जमीन निसरडी आहे. पण चिनी लेखनात शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आणि 'दी'चं तेच चिन्ह 'द' असं वाचलं की क्रियाविशेषणाचा प्रत्यय होतो. मग तोडायची जागा बदलते: 'श्याओशिनद ह्वा', म्हणजे जपून घसरा. इंग्रजीत 'स्लिप केअरफुली' अशा ज्या पाट्या गाजल्या त्या इथून आल्या. भाषांतर करणाऱ्या माणसाने किंवा यंत्राने शब्दकोश अगदी बरोबर पाहिला होता. कुऱ्हाड फक्त चुकीच्या पेरावर घातली. दमयंतीच्या तोंडच्या 'नलगे'त 'न लगे' आणि 'नल गे' हे जे दोन तुकडे पडतात, तोच हा प्रकार. चीनने पुढे अशा सूचनांच्या इंग्रजीसाठी राष्ट्रीय मानकच तयार केलं, ते १ डिसेंबर २०१७ पासून लागू झालं. २००८च्या ऑलिंपिकच्या आधी बीजिंगमध्येही पाट्या दुरुस्त करायची मोहीम झाली होती. तिथल्या वांशिक संस्कृतींच्या उद्यानाची 'रेसिस्ट पार्क' अशी पाटी तेव्हा गाजली होती; 'वांशिक' आणि 'वंशवादी' यांत जेवढं अंतर तेवढीच ती चूक.

वेल्समध्ये रस्त्यांवरच्या पाट्या इंग्रजी आणि वेल्श अशा दोन्ही भाषांत असतात. २००८ साली स्वॉन्सीत एक पाटी लागली. इंग्रजी मजकूर: अवजड वाहनांना प्रवेश नाही, केवळ निवासी वस्ती. खाली वेल्शमध्ये: 'मी सध्या कार्यालयात नाही. भाषांतराचं काम असल्यास पाठवा.' तिथल्या नगरपरिषदेने भाषांतरासाठी ईमेल पाठवला, भाषांतरकाराच्या खात्यातून आपोआप उत्तर आलं, आणि ते तसंच्या तसं पत्र्यावर रंगवलं गेलं. भाषेच्या दृष्टीने या वेल्श वाक्यात एकही दोष नाही. व्याकरण शुद्ध, अर्थ स्पष्ट. चुकलं ते फक्त प्रकरण. चीनमधल्या एका उपाहारगृहाचा 'ट्रान्सलेट सर्व्हर एरर' असा मोठा फलक याचंच भावंड.

याउलट २००६ साली कार्डिफमध्ये पादचाऱ्यांना इंग्रजीत 'उजवीकडे पाहा' आणि वेल्शमध्ये 'डावीकडे पाहा' सांगणारी पाटी होती, तिच्यात हसण्यासारखं काही नाही. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा जीव त्या एका शब्दावर असतो. त्याच सुमारास त्याच भागात सायकलस्वारांना उतरायला सांगणाऱ्या पाटीवर वेल्शमध्ये मूत्राशयाचा दाह अवतरला होता. 'सायक्लिस्ट' आणि 'सिस्टायटिस' (म्हणजे तोच दाह) हे शब्द एका दृष्टिक्षेपात किती सारखे दिसतात ते रोमन लिपीत लिहून पाहा.

यानंतर येतात फसवे सारखे शब्द, हिंदीतली 'शिक्षा' मराठीत आली की जे होतं ते. डेन्मार्कमध्ये रस्त्यावर 'फार्टकंट्रोल' लिहिलेलं असतं, लिफ्टमध्ये 'इ फार्ट' असा दिवा लागतो, आणि इंग्रजी जाणणारे हसून बेजार होतात. डॅनिश 'फार्ट' म्हणजे वेग, गती. जर्मन महामार्गांवर जागोजागी 'आउसफार्ट' दिसतं, त्यातला 'फार्ट' त्याच घराण्यातला. हे कुठलं गाव नव्हे, बाहेर पडायची वाट. या दोन्ही 'फार्ट'चा पूर्वज इंडोयुरोपीय 'पेर', म्हणजे पार जाणे. इंग्रजी 'फार्ट'चा पूर्वज अगदी निराळा, 'पेर्द', ज्याचं संस्कृत रूप 'पर्दते' आणि मराठी रूप 'पादणे'. म्हणजे ज्या इंग्रजी शब्दाला जग हसतं त्याचा सख्खा नातेवाईक आपल्या तोंडी आहे, आणि डॅनिश पाटीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आयर्लंडच्या स्वच्छतागृहांवर 'फिर' आणि 'म्ना' असं लिहिलेलं असतं. रोमन लिपीत पहिल्याचं आद्याक्षर एफ, दुसऱ्याचं एम, त्यामुळे इंग्रजीवर विसंबणारा माणूस नेमका उलट्या दारात शिरतो. 'म्ना' तर घाईत 'मॅन'सारखाच दिसतो. मराठी वाचकाला इथे चुकायचं कारणच नाही. 'फिर' म्हणजे पुरुष, आणि तो संस्कृत 'वीर'चा भाऊ आहे. लॅटिनमधला 'विर' हा तिसरा. 'म्ना' म्हणजे स्त्रिया, आणि त्याचं वेदातलं भावंड 'ग्ना', म्हणजे देवस्त्री. 'वीर' आठवला की दार सापडलं.

पोलंडमध्ये तर शब्दच नसतात: त्रिकोण पुरुषांचा, वर्तुळ स्त्रियांचं. शब्द काढला की संदिग्धता जाते, हा समज इथे कोसळतो. चित्रालाही व्याकरण शिकावं लागतं. ब्रिटनमधलं 'काम चालू' चित्र अनेकांना छत्री उघडायला झगडणाऱ्या माणसाचं वाटतं, आणि ते चित्र ज्या मालिकेतलं आहे ती मार्गारेट कॅल्व्हर्ट आणि जॉक किनियर यांनी अतिशय विचारपूर्वक केलेली आहे. शाळेजवळच्या पाटीवरची मुलगी कॅल्व्हर्टने स्वतःच्या लहानपणावरून काढली. जपानच्या नकाशांवर देवळाची खूण म्हणून स्वस्तिक असतं. परदेशी पाहुण्यांना त्याचा अर्थ भलताच लागतो म्हणून २०१६ साली त्यांच्या नकाशांसाठी तिथे तीन मजली पॅगोडा घालावा असा प्रस्ताव आला. आपल्याला ती खूण वाचायला क्षणही लागत नाही, आणि युरोपातल्या माणसाला तीच खूण दचकवते. सैंधवाची गोष्ट चित्रांनाही लागू आहे.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या पांढऱ्या अस्वलाच्या पाटीचा उल्लेख राहून जायला नको. त्रिकोणात अस्वल, आणि खाली नॉर्वेजियनमध्ये तीन शब्द: 'येल्डर हेले स्वालबार्ड', संपूर्ण स्वालबार्डला लागू. पाटी एका जागी उभी राहून सगळ्या जागांबद्दल बोलते, आणि त्यासाठी फक्त 'हेले', म्हणजे सगळा, एवढाच शब्द पुरतो. सूचना कशी लिहावी याचा मला हा नमुना वाटतो.

आता एक शब्द हवा आहे. ब्रिटनमध्ये 'कॅट्स आइज रिमूव्हड' अशी पाटी लागते. शब्दशः भयंकर, प्रत्यक्षात कॅट्स आइज म्हणजे रस्त्याच्या मधोमध बसवलेल्या, गाडीच्या दिव्यात चमकणाऱ्या गोट्या. हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉने १९३४ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. शब्दकोशात या नावाखाली आपल्याला 'लसण्या' मिळतो, पण तो अंगठीतला खडा. 'मांजरडोळे' मला आवडतो, फक्त 'काढले आहेत' जोडलं की तोही इंग्रजीच्याच खड्ड्यात पडतो. 'रिफ्लेक्टर' चालतो, पण तो सायकलच्या मागच्या लाल तुकड्यालाही म्हणतात. रस्त्याच्या कामावर असलेले लोक या गोट्यांना काय म्हणतात, हे कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा.